राजापूरचा हजेरीपट



गणपतीची सुट्टी संपली की आमच्या विक्रोळीच्या शाळेत पहिले दोन-तीन दिवस हजेरी घेण्यात काही अर्थ नसतो. निम्मा वर्ग अजून कोकणातच असतो. कुणाला एस.टी.चं आरक्षण मिळालेलं नसतं, कुणाची गाडी महामार्गावर अडकलेली असते, तर कुणाच्या आजीनं 'आणखी चार दिस ऱ्हा की' म्हणून हात धरून ठेवलेला असतो. मग एकेक स्वारी उगवते. दप्तरात पुस्तकं कमी आणि खाजं जास्त!

यंदा त्यातलाच चौथीतला एक पठ्ठ्या आल्या आल्या माझ्या टेबलापाशी येऊन उभा राहिला. म्हणाला, "बाई, आमच्या वाडीत अकरा घरं आहेत. गणपतीत अकराच्या अकरा उघडी होती. आम्ही निघालो तेव्हा मी मोजलं. नऊ कुलपं!" मग जरा डोकं खाजवून म्हणाला, "आजोबा म्हणतात, गाव लहान होत चाललंय. पण बाई, माणूस लहानाचा मोठा होतो. गाव मोठ्याचं लहान कसं होईल?"

आता याला काय उत्तर देणार? मी खडू खाली ठेवला. त्या तासाला आम्ही भागाकार करणार होतो, तो राहूनच गेला. (त्याच्या आईला हे वाचून राग आला तर माझी हरकत नाही. भागाकार दुसऱ्या दिवशी झाला.)

त्याची वाडी राजापूर तालुक्यात आहे. म्हणून आम्ही राजापूर शहराचंच उदाहरण घेतलं. तुम्हीही वहीचं एक कोरं पान घेऊन बसा. आई-बाबा मोकळे असतील तर त्यांनाही बोलवा, कारण पुढं त्यांचं काम लागणार आहे.

राजापूर हे रत्नागिरी जिल्ह्यातलं एक छोटं नगरपालिकेचं गाव. अर्जुना आणि कोदवली या दोन नद्यांच्या काठी, डोंगरांच्या बेचक्यात वसलेलं. पावसाळ्यात नद्या फुगल्या की बाजारपेठेत पाणी शिरतं आणि दुकानदार माल माळ्यावर चढवतात. जवळच उन्हाळे नावाच्या गावी गरम पाण्याचे झरे आहेत आणि प्रसिद्ध राजापूरची गंगाही तिथलीच. ही गंगा साधारण तीन वर्षांनी अचानक प्रकट होते, काही दिवस चौदा कुंडं भरून वाहते आणि पुन्हा गुप्त होते. आमच्या वर्गातली एक चुणचुणीत मुलगी म्हणाली, "बाई, म्हणजे चाकरमान्यांसारखीच!" सगळा वर्ग हसला. मलाही हसू आलं, पण नंतर वाटलं, खरंच की!

आज तुम्ही राजापूरला गेलात तर तुम्हाला पटणार नाही, पण सतराव्या शतकात हे गाव म्हणजे मोठं बंदर होतं. शिडाची गलबतं खाडीतून थेट गावापर्यंत येत. इंग्रजांची इथं वखार होती, फ्रेंचांचीही होती. वखार म्हणजे माल साठवायचं आणि व्यापाराचं ठाणं. १६६० साली सिद्दी जौहरनं पन्हाळ्याला वेढा घातला तेव्हा याच राजापूरच्या वखारीतले इंग्रज तोफा घेऊन त्याच्या मदतीला गेले होते, हे तुम्ही इतिहासात वाचलं असेल. शिवाजी महाराज ते विसरले नाहीत. १६६१मध्ये त्यांनी राजापुरावर चाल केली आणि हेन्री रेव्हिंग्टन आणि त्याच्या सोबत्यांना कैद करून नेलं.

पुढं नद्यांनी आणलेला गाळ खाडीत साचत गेला. मोठी गलबतं गावापर्यंत येईनाशी झाली. व्यापार मुंबईकडे सरकला. व्यापार सरकला की त्याच्या मागोमाग माणसंही सरकतात. हमाल, तांडेल, कारकून, दुकानदार, सगळेच.

आता आकडे बघू या. २००१च्या जनगणनेत राजापूर शहरात साधारण साडेदहा हजार माणसं होती. २०११च्या जनगणनेत ती पावणेदहा हजारांच्या आसपास आली. सातशेच्या वर माणसं कमी! गर्दीच्या वेळी आपल्या एका लोकलमध्ये चार-पाच हजार माणसं कोंबलेली असतात. म्हणजे अख्खं राजापूर दोन-अडीच लोकलमध्ये मावेल.

हे एकट्या राजापूरचं नाही बरं का. त्या दहा वर्षांत महाराष्ट्रात दीड कोटीहून जास्त माणसं वाढली. तरीही रत्नागिरी जिल्हा १६,९६,७७७ वरून १६,१५,०६९ वर उतरला. शेजारचा सिंधुदुर्ग ८,६८,८२५ वरून ८,४९,६५१ वर. वजाबाकी तुम्हीच करा, मी करून देणार नाही. २०११मध्ये महाराष्ट्रात ३५ जिल्हे होते, त्यातल्या फक्त तीन जिल्ह्यांची लोकसंख्या घटली. दोन तुम्हाला सांगितले. तिसरा कुठला असेल? विचार करत राहा. उत्तर पुढं येईलच. एक सूचना देते, तो जिल्हा कोकणातल्या खेड्यांसारखा अजिबात दिसत नाही.

पण हे आकडे येतात कुठून? वरून विमानातून कुणी मोजतं का? नाही रे बाबांनो! ते मोजायला तुमच्या बाई आणि तुमचे गुरुजीच जातात. आजी-आजोबा त्याला 'खानेसुमारी' म्हणतात. खाना म्हणजे घर आणि सुमारी म्हणजे मोजणी. आपल्या देशात १८७२ साली पहिल्यांदा असा प्रयत्न झाला आणि १८८१पासून दर दहा वर्षांनी नेमानं मोजणी होत आली. अगदी १९४१मध्ये महायुद्ध चालू असतानाही झाली. २०२१ची मात्र करोनामुळे राहिली. आता पुढच्या जनगणनेसाठी १ मार्च २०२७ ही तारीख सरकारनं जून २०२५मध्ये जाहीर केली आहे.

२०११च्या फेब्रुवारीत मी नोकरीला लागून जेमतेम वर्ष झालं होतं. डी.एड.ला शिकलेलं सगळं विसरायच्या आत जनगणनेची ड्यूटी आली! ९ ते २८ फेब्रुवारी, शाळा सांभाळून घरोघर फिरायचं. हातात लांबलचक तक्ता. त्यात माणसागणिक २९ प्रश्न. नाव, वय, शिक्षण, मातृभाषा, काम, जन्म कुठं झाला, याआधी कुठं राहत होता, तिथून इथं का आलात. मी इतके जिने चढले की घरी गेल्यावर आई विचारायची, "आज माणसं मोजलीस की पायऱ्या?"

विक्रोळीतल्याच एका घरात एक आजी भेटल्या. त्यांचं नाव आणि इमारत मी तुम्हाला सांगणार नाही. १९४८च्या जनगणना कायद्याप्रमाणे कुणाच्या घरची माहिती बाहेर फोडायची नसते, आणि तशीही ती कशाला सांगायची? आजी खाटेवर बसल्या होत्या. एका डोळ्याला हिरवी पट्टी. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं. संक्रांतीनंतर मुलाकडे आल्या होत्या, शिमग्याला परत जायचं होतं. घर राजापूर शहरात, अगदी बाजारपेठेच्या मागच्या अंगाला. त्या एकट्याच राहायच्या तिथं.

मुलाचं, सुनेचं, नातवंडांचं लिहून झालं. मी म्हटलं, "आजी, आता तुमचं सांगा."

आजी म्हणाल्या, "माजा नको लिवू गो बाय. माजा नाव राजापुरात आसा."

मी समजावलं. नियम असा की मोजणीच्या सगळ्या दिवसांत जो माणूस आपल्या घरी नव्हता, त्याला तो जिथं सापडेल तिथं मोजायचं. राजापुरातल्या घराला कुलूप आहे. तिथल्या गुरुजींना कुलूपच दिसणार. कुलपाला ते काय विचारणार? म्हणून तुम्हाला इथंच मोजायचं.

आजींना काही ते पटलं नाही. "मी हय चार दिसाची पावनी. मना हयली कशी करतस?" सून हसायला लागली. मुलगा म्हणाला, "आई, कागदावरच तर आहे." आजी त्याच्याकडे वळल्या आणि म्हणाल्या, "तू पन चार दिसासाटीच इल्लंस ना रे?"

मुलगा गप्प झाला. तो मुंबईत आला त्याला पंचवीस वर्षं झाली होती.

मी नवशिकी. मला काय करावं कळेना. नियम मोडता येत नव्हता आणि आजींना दुखवायचंही नव्हतं. शेवटी तक्त्यातला जन्मस्थानाचा रकाना त्यांना दाखवला. म्हटलं, "आजी, इथं राजापूर लिहिते बघा. जिल्हा रत्नागिरी." आजींनी उघडा डोळा कागदाजवळ नेला. त्यांना वाचता येत नव्हतं. तरी म्हणाल्या, "मोट्या अक्षरात लिव."

मी मोठ्या अक्षरात लिहिलं. पण मोजणीत आजी विक्रोळीच्या झाल्या. राजापूरच्या त्या पावणेदहा हजारांत त्या नाहीत. कागदावर राजापूर एका माणसानं लहान झालं आणि ते लहान करणारी मी!

तर आमच्या पठ्ठ्याच्या प्रश्नाचं पहिलं उत्तर हे. गाव मोठं किंवा लहान होतं ते जन्म आणि मृत्यूमुळे होतंच, पण येण्या-जाण्यामुळे फार होतं. आणि राजापुरातून जो वजा झाला तो हवेत विरला नाही. तो कुठं तरी अधिक झाला. कुठं? बऱ्याच वेळा आपल्याच शेजारी.

ही गोष्ट आजकालची नाही. १८७२ साली रत्नागिरी जिल्ह्यात (तेव्हा आजचा सिंधुदुर्गाचा बराच भाग त्यातच होता) सुमारे १० लाख १९ हजार माणसं होती. १८८१मध्ये ती ९ लाख ९७ हजारांवर आली. मधल्या काळात मोठा दुष्काळ पडला होता आणि मुंबईच्या गिरण्यांचे भोंगे वाजायला लागले होते. १९०१मध्ये मुंबईत पावणेआठ लाख माणसं मोजली गेली. त्यातली सुमारे १ लाख ४५ हजार रत्नागिरी जिल्ह्यात जन्मलेली! म्हणजे रस्त्यानं जाणाऱ्या पाच-सहा माणसांना हटकलं तर त्यात एक तरी रत्नागिरीचा निघायचा. तेव्हा कोकण रेल्वे नव्हती. मुंबईहून आगबोटीत बसायचं, जैतापूरच्या खाडीशी उतरायचं आणि पुढं राजापूर गाठायचं.

पुरुष मुंबईला आणि बायका-मुलं गावाला, असा हा संसार पिढ्यान् पिढ्या चालला. पोस्टमन मनिऑर्डर घेऊन यायचा तो दिवस सणाचा. त्याची खूण २०११च्या आकड्यांतही शिल्लक आहे. रत्नागिरी जिल्ह्यात दर १,००० पुरुषांमागे १,१२२ स्त्रिया होत्या. मुंबई उपनगर जिल्ह्यात, म्हणजे आपल्याकडे, १,००० पुरुषांमागे ८६०. दोन्ही आकडे शेजारी शेजारी लिहा. तिकडचे पुरुष इकडे आलेले दिसतात की नाही?

आता आपल्या विक्रोळीकडे पाहा. एके काळी हे खाडीकाठचं खेडं होतं. मिठागरं, खारफुटी आणि थोडी शेतं. १९४३ साली पिरोजशा गोदरेज यांनी इथली मोठी जमीन लिलावात घेतली आणि पुढं कारखाने उभे राहिले. १९५१-५२ला देशाची पहिली सार्वत्रिक निवडणूक झाली ना, तिच्या लाखो मतपेट्या इथल्या कारखान्यात तयार झाल्या. १९५०मध्ये मुंबईची हद्द भांडुपपर्यंत वाढली आणि विक्रोळी मुंबईत आली. मग टागोरनगर झालं, मुख्यमंत्री मा. सां. कन्नमवार यांच्या नावाचं कन्नमवारनगर झालं. पार्कसाइटच्या टेकडीवर घरांवर घरं चढली. कुणी राजापूरहून आलं, कुणी साताऱ्याहून, कुणी जौनपूरहून. मी आमच्या वर्गात विचारलं, "तुमच्या आजोबांचा जन्म विक्रोळीत झाला असं कोण कोण सांगेल?" ३१ मुलांत दोन हात वर आले.

अरे हो, तिसरा जिल्हा राहिलाच! ओळखलात का? तो आहे मुंबई शहर. कुलाब्यापासून माहीम-शीवपर्यंतचा. २००१मध्ये तिथं ३३,३८,०३१ माणसं होती, २०११मध्ये ३०,८५,४११. अडीच लाख कमी! १८ जानेवारी १९८२ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला आणि नंतर एकेक गिरणी बंद पडत गेली. घरांच्या किमती वाढल्या. लालबाग-परळच्या खोल्या विकून माणसं विक्रोळी, डोंबिवली, विरारकडे निघाली. म्हणजे आधी राजापूर सोडलं आणि मग लालबाग सोडलं. तिथंही चाळीत कुलपं दिसायला लागली आणि पुढं चाळीही दिसेनाशा झाल्या. आता कन्नमवारनगरातल्या जुन्या इमारतीसुद्धा पाडून टॉवर होताहेत. तिथली कुटुंबं भाड्यानं इकडेतिकडे पांगली आहेत. आमच्या वर्गातली तीन मुलं त्यामुळेच गेल्या वर्षी शाळा सोडून गेली.

राजापुरात फ्रेंचांची वखार होती असं मघाशी म्हटलं, तेव्हा जाता जाता फ्रान्समध्येही डोकावू या. तिथं १८०१पासून गावागावाची माणसं मोजतात. तिथल्या छोट्या गावांचीही हीच कथा. कारखाने आणि रेल्वे आली तशी पोरं पॅरिसला गेली. मग १९१४ ते १९१८चं पहिलं महायुद्ध. त्यात गेलेल्या मुलांची नावं कोरलेला दगड जवळपास प्रत्येक गावात उभा आहे. रोशफुर्शा नावाच्या एका गावाची लोकसंख्या तर अलीकडच्या कित्येक गणनांत किती निघाली ठाऊक आहे? १! एक माणूस, बस्स.

त्याहून नवल पुढंच आहे. १९१६मध्ये व्हर्दुन इथं भयंकर लढाई झाली. तोफगोळ्यांनी आसपासची गावं भुईसपाट झाली आणि जमीन इतकी बिघडली की त्यातली सहा गावं पुन्हा वसलीच नाहीत. आज त्यांची लोकसंख्या ० आहे. पण फ्रान्सनं ती गावं यादीतून खोडली नाहीत. त्यांना अजून महापौर नेमतात. आमच्या वर्गात यावर बराच वाद झाला. "माणसंच नाहीत तर महापौर काय करतो?" "बाई, तो गवत कापत असेल." "तो गावाचं नाव सांभाळतो," असं मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं. मी कोण बोललं ते विचारलं, तर सगळे एकमेकांकडे बघायला लागले.

मला मात्र राजापूरकडची दुसरीच गोष्ट आठवत होती. माझी मावसबहीण त्याच तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. तिच्या पटावर यंदा चार मुलं आहेत. पहिली ते चौथी मिळून चार! कबड्डीचा संघ होत नाही. लंगडी खेळायची तर बाईच भिडू होतात. त्या चारांतला एक मुलगा नेपाळचा आहे. त्याचे आई-वडील आंब्याच्या बागेत राखणीला असतात. तो घरी नेपाळी बोलतो आणि शाळेत अस्सल कोकणी हेल काढून मराठी बोलतो. म्हणजे बघा, त्या गावातून माणसं जातात, तशी लांबून येतातही.

पण चाराचे तीन झाले की बहिणीच्या पोटात गोळा येतो. पट कमी झाला की शाळा टिकेल का, असा प्रश्न येतो. शाळा गेली की जी दोन-तीन घरं मुलांसाठी टिकून आहेत तीही म्हणतात, आता आपणही निघू या. मग एस.टी.ला उतारू कमी पडतात आणि फेरी बंद होते. फेरी बंद झाली की म्हाताऱ्यांना दवाखाना लांब पडतो आणि मुलगा येऊन त्यांना मुंबईला घेऊन जातो. सरकारही निधी वाटताना लोकसंख्येचा आकडा बघतंच. एक कुलूप दुसऱ्या कुलपाला बोलावतं, ते असं.

म्हणून जो गेला तो चुकला, असं मात्र मी म्हणणार नाही. माझे स्वतःचे वडील नाही का आले? ते आले नसते तर मी आज विक्रोळीत हा मजकूर लिहीत बसले नसते. पण माझ्या बहिणीच्या चार मुलांसमोर उभं राहून हे सांगायची वेळ आली तर मला ते इतकं सहज सांगता येईल का, याची मला खात्री नाही.

त्या आजी शिमग्याला परत गेल्या का? गेल्या. पुढं काही महिन्यांनी त्यांची सून मला विक्रोळी स्टेशनच्या बाजारात भेटली तेव्हा सांगत होती. कुलूप उघडलं, अंगण सारवलं, आणि आल्या-गेल्याला सांगत सुटल्या की मुंबईत एका पोरीनं मला धरून मोजलं!

आता तुमचं काम. वहीच्या त्या कोऱ्या पानावर चार रकाने आखा. नाव, जन्म कुठं झाला, पहिलं घर कधी सोडलं, का सोडलं. पहिल्या ओळीत पणजी-पणजोबा, मग आजी-आजोबा, मग आई-बाबा, शेवटी तुम्ही. दोन्हीकडचे घ्या हं, आईकडचेही. 'का सोडलं' या रकान्यात बायकांपुढे 'लग्न' असं बऱ्याच वेळा येईल. तसं आलं तरी तेवढ्यावर थांबू नका, गावाचं नाव नीट विचारून घ्या. गावाला अजून कुणी राहत असेल तर तिथल्या आपल्या वाडीत घरं किती, उघडी किती, हे फोन करून विचारा. आमच्या पठ्ठ्यानं हे सगळं करून आणलंय. मात्र त्याच्या तक्त्यात नऊ कुलपांची आठ झाली आहेत. विचारलं तर म्हणाला, "बाई, आजोबा म्हणाले, दिवाळीपर्यंत मी इथंच राहणार. मग आमचं कुलूप कशाला मोजायचं?"

तुमचे तक्ते मासिकाच्या पत्त्यावर पाठवा. गावाचं नाव मोठ्या अक्षरात लिहा.

तुमच्या बाई